पिनियननं बघायचं तरी कुठं?

आमच्याकडे आली तेव्हाच ही जिप्सी उंच केलेली होती. आधीच्या मालकानं मागे लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या पट्ट्या) टाकलेले, पाट्यांत, म्हणजे पानांच्या स्प्रिंगांत, जादा पान घातलेलं आणि टायर २१५/७५ आर १५. यवतेश्वरचा घाट चढताना किंवा बामणोलीकडं उतरताना गाडी झकास चालायची. पण वाढे फाट्यावरून पुण्याच्या अंगाला हायवेला लागलो आणि वेग पंचावन्नच्या पुढं गेला की खालून थरथर सुरू. साठ-पासष्टला ती सगळ्यात जोरात. गिअरचा दांडा धरला तर हात बधिर, आणि मागं बसलेल्याच्या पायाला मुंग्या. ॲक्सिलरेटर दाबला की वाढायची, सोडला की कमी व्हायची, पण जायची नाही.

अशा वेळी साताऱ्यात सल्ल्याला तोटा नाही. पोवई नाक्यावर चहाला थांबलो तरी कुणीतरी गाडीखाली वाकून बघायचं. पहिला सल्ला चाकांच्या बॅलन्सिंगचा. ते करून घेतलं, फरक शून्य. दुसरा सल्ला थेट डिफरन्शिअल, म्हणजे ॲक्सलच्या मधला गिअरांचा गोळा, उघडण्याचा. एवढ्या खर्चात पडण्याआधी मी कागद-पेन्सिल घेतली, आणि माझ्या मते तिथंच निम्मं काम झालं.

हिशेब साधा आहे. या टायरचा घेर साधारण २.२१ मीटर. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला साडेसात फेरे घेतं. जिप्सीच्या डिफरन्शिअलचं प्रमाण सुमारे ३.९, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट (डिफरन्शिअलपर्यंत जोर नेणारी फिरती नळी) सेकंदाला २९ फेरे मारतो. दोष चाकात असेल तर थरथर सेकंदाला साडेसातची, शाफ्टचं वजन एका बाजूला असेल तर २९ची. आणि क्रॉसचा, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या वाकत्या सांध्याचा, कोन चुकला असेल तर दुप्पट, म्हणजे ५९ची, कारण वाकून फिरणारा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा सोडतो. जिप्सीत आणखी एक भानगड आहे. तिचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टला जोर वाटून देणारी पेटी, गिअरबॉक्सला चिकटलेला नाही. दोघांच्या मधे एक आखूड शाफ्ट आहे आणि तो हाय रेंजमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या नेहमीच्या चालीत, मागच्या शाफ्टच्या सुमारे १.४ पट फिरतो. म्हणजे त्याचे आकडे ४१ आणि ८२.

फोनवर कंपन मोजायचं ॲप उतरवून घेतलं आणि फोन दोन सीटांच्या मधे पत्र्यावर चिकटपट्टीनं घट्ट बसवला. (फोनचा सेन्सर सेकंदाला शंभरच नोंदी घेत असेल तर पन्नासच्या वरचं खरं चित्र दिसत नाही, माझा चारशे घेतो.) वेग जीपीएसवर धरला, कारण टायर मोठे केले की गाडीचा मीटर कमी दाखवतो. आनेवाडी टोलनाक्याच्या अलीकडं सपाट पट्ट्यात बरोबर साठवर गाडी धरली. आलेखात ५९च्या आसपास उंच सुळका, २९ला एक छोटा टेंगूळ, बाकी किरकोळ. न्यूट्रल करून गाडी नुसती पळवली तर सुळका खाली आला, पण जागा बदलली नाही. इंजिनाचा संबंध तिथंच संपला. चौथा काढून पाचवा टाकला तरी तेच. मात्र एवढ्यावरून मधला शाफ्ट संशयातून सुटत नाही, कारण तोही गाडीच्याच वेगाला बांधलेला असतो. त्याला सोडवलं ते आकड्यानं: ४१ आणि ८२ला काही नव्हतं. तरी ट्रान्सफर केसची रबरं पाहून घेतली. जिप्सीत ती फाटली की केस लोंबकळतो आणि सगळेच कोन बिघडतात. आमची ठीक होती.

आता पुढचा शाफ्ट की मागचा? आधी पुढचा उतरवून चालवली, थरथर जशीच्या तशी. मग पुढचा लावून मागचा काढला, फोर व्हील टाकलं आणि फक्त पुढच्या चाकांवर सर्व्हिस रोडनं एक चक्कर मारली. एकदम शांत. मागचा शाफ्ट काढलेला असताना गाडी गिअरमध्ये ठेवली तरी मागची चाकं मोकळीच असतात, तेव्हा चाकांना दगड लावल्याशिवाय खाली शिरू नये.

शाफ्ट खाली आलाच होता, म्हणून मिस्त्री मामांनी क्रॉस तपासले. पिनियनकडच्या (पिनियन म्हणजे डिफरन्शिअलचा पुढं आलेला दांडा, शाफ्ट त्यालाच जोडतात) क्रॉसच्या एका वाटीभोवती तांबूस भुकटी दिसली. आतल्या सुया कोरड्या पडल्याची ती खूण. दोन्ही क्रॉस बदलले, ग्रीस भरलं. शाफ्टच्या दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत आहेत ना, हेही पाहिलं. स्प्लाइनवर, म्हणजे खाचा-दात्यांवर, सरकणारा तुकडा एखाददुसऱ्या दात्यानं चुकीचा बसवला तर नवा क्रॉस टाकूनही थरथर जात नाही. इथं योक बरोबर होते. गाडी जोडली, चालवली. खडखड गेली, थरथर राहिली.

मग कोन. बाजारात चुंबक असलेला डिजिटल कोनमापक मिळतो, सुतारही वापरतात. गाडी सपाट जागी, चारही चाकांवर, टाकी भरलेली. जॅकवर उचलून मोजलं तर पाटे लोंबतात आणि आकडे खोटे येतात. तीन जागी मोजायचं: ट्रान्सफर केसच्या फ्लँजवर (शाफ्ट बोल्टनं जोडायची चकती), शाफ्टच्या नळीवर आणि पिनियनच्या फ्लँजवर. केसचा अक्ष मागं उतरता ३ अंश, शाफ्ट मागं उतरता १४ अंश आणि पिनियनचं तोंड वर उचललेलं ९ अंश. म्हणजे वरच्या क्रॉसला ११ अंशांचा कोन आणि खालच्याला फक्त ५.

इथं कोडं उलगडलं. साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टमध्ये पहिला क्रॉस जो वेगाचा चढउतार पैदा करतो, तो दुसऱ्या क्रॉसनं तेवढाच उलटा करून खायचा असतो. त्यासाठी दोन्ही कोन सारखे लागतात, म्हणजे केसचा आणि पिनियनचा अक्ष समांतर. ११ अंशांवर शाफ्टचा वेग जवळपास १.९ टक्के वरखाली होतो, ५ अंशांवर ०.४ टक्केसुद्धा नाही. उरलेलं सगळं डिफरन्शिअलला बसतं. वर्गांची वजाबाकी करून मूळ काढलं तर उरलेला कोन ९.८ अंश येतो, आणि शाफ्टच्या कामातली मंडळी तो सहसा तीनच्या आत ठेवायला सांगतात.

पिनियन वर कशानं गेलं ते पाट्याखाली बघितल्यावर कळलं. ॲक्सल आणि पाट्याच्या मधे चार अंशांची पाचर. आधीच्या मालकाला फोन केला तर तो कौतुकानं म्हणाला, "आवो, मुद्दाम मारलीया ती. पिनियननं केसकडं बघाय नको का?"

हा सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. ट्रान्सफर केसच्या टोकाला जोडक्रॉस असेल, म्हणजे दोन क्रॉस पाठीला पाठ लावून मधे गोळीनं धरलेले, तर तो जोड आपला चढउतार आपणच खातो. तिथं खालच्या क्रॉसला कोन जवळजवळ शून्य हवा, म्हणून पिनियननं खरंच केसकडं बघायचं असतं. बऱ्याच परदेशी जीपांत तसा शाफ्ट असतो आणि व्हिडिओही त्यांचेच बघितले जातात. आमच्या जिप्सीत साधा शाफ्ट. तिच्या पिनियननं केसकडं बघायचं नाही, केसला समांतर राहायचं. त्यातही पाट्यांच्या गाडीत जोर दिला की ॲक्सल पिळवटतो आणि पिनियन वर चढतं, म्हणून उभ्या गाडीत ते समांतरपेक्षा अंशभर खालीच ठेवावं. जोर दिल्यावर थरथर का वाढायची त्याचंही उत्तर यातच होतं.

पाचर काढायची हे ठरलंच. शॅकलवर मात्र मामांचं आणि माझं जमेना. "उंची घालवायला गाडी घेतली व्हय?" हा त्यांचा प्रश्न. पण मागचा शॅकल लांब केला की पाट्याचं मागचं टोक खाली जातं, पुढचं वळतं आणि पिनियन आणखी वर उचललं जातं; आमच्याकडं ते तीनेक अंश होतं. आखूड शॅकल टाकले की ॲक्सलपाशी इंचभर उंची जाणार, बदल्यात शाफ्टची घसरण कमी होणार. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, तेव्हा पासिंगच्या वेळी जितकी कमी छेडछाड दिसेल तितकं बरं. मूळ मापाचे शॅकल आले, बुश नवे, यू-बोल्टही नवे. यू-बोल्ट पुन्हा वापरण्यात बचत नाही, एकदा ताणलेला बोल्ट परत तेवढा धरत नाही.

पुन्हा मोजलं: केस ३, शाफ्ट १२, पिनियन २. वर ९, खाली १०; जोर दिल्यावर दोन्ही ९. मामांनी कोनमापक माझ्या हातातून घेऊन स्वतः फिरवून पाहिला, मग जवळ उभ्या असलेल्या पिकअपलाही लावला. पिनियन खाली वळल्यामुळं डिफरन्शिअलच्या तेलाची पातळी बदलते, म्हणून तीही बघून घेतली.

त्याच पट्ट्यात, त्याच साठवर ५९चा सुळका गेला होता. २९चा टेंगूळ तसाच होता आणि पंच्याहत्तरच्या पुढं हलका घुमारा जाणवायचा. तो शाफ्टच्या वजनाचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात शाफ्ट बॅलन्स करून आणला. नळीला एका जागी चेप होती, त्यामुळं वजन डकवावं लागलं.

पुढचा शाफ्ट तसाच ठेवलाय. पुढं पाचर मारून पिनियन फिरवलं तर अख्खा ॲक्सल फिरतो आणि त्याबरोबर स्टिअरिंगचा कॅस्टर (चाकं सरळ ठेवणारा कोन) बिघडतो, मग हायवेला गाडी सरळ चालत नाही. फोर व्हील मी चिखलात, पावसाळ्यात ठोसेघरच्या बाजूच्या पाणंदीत टाकतो, तेही वीस-पंचवीसच्या वेगानं. त्या वेगाला तो शाफ्ट गप्प असतो.