होमस्टेला जकुझी बसवावी का? आमचा निर्णय कसा झाला

भोरजवळ आमचा तीन खोल्यांचा होमस्टे आहे. २०२० चं कृषी पर्यटन धोरण आलं, त्यानंतर रीतसर नोंदणी करून आम्ही सासऱ्यांचं जुनं घर डागडुजी करून पाहुण्यांसाठी उघडलं. मागच्या हिवाळ्यापासून फोनवर एक प्रश्न सारखा यायला लागला: "जकुझी आहे का?" पुण्याहून दोन रात्रींसाठी येणारी जोडपी विचारायची, वाढदिवसाला येणारे ग्रुप विचारायचे. "नाही" म्हटलं की काही जण तिथेच फोन ठेवायचे. बुकिंगच्या साइटवर तर जकुझीचा वेगळा फिल्टर असतो, त्यावर टिक केली की आमचं घर यादीतून गायबच. नवऱ्याचं म्हणणं पडलं, कर्ज काढू पण एकदाचा टब बसवू. मी म्हटलं, आधी सगळा हिशेब कागदावर मांडू.

पाच जणांच्या अॅक्रिलिक टबचं कोटेशन जीएसटी आणि वाहतूक धरून साडेपाच लाखांच्या घरात गेलं. त्यात टब ठेवायचा ओटा, वायरिंग, आडोसा यातलं काहीच नव्हतं. टबात पाणी बाराशे लिटर, म्हणजे तेवढंच किलो. टबाचं वजन आणि आत बसलेली माणसं मिळवली की पावणेदोन टन सहज होतात. नवऱ्याच्या मनात माडीच्या गच्चीवर ठेवायचं होतं, कारण तिथून धरणाचं पाणी दिसतं. जुन्या घराची ती गच्ची एवढा भार घेणार नाही, हे गवंड्याने बघताक्षणी सांगितलं. मग जागा उरली मागच्या अंगणात, जमिनीवर, सहा इंची काँक्रीटच्या ओट्यावर.

उत्पन्नाच्या बाजूने बुकिंगची वही काढून बसले, तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झालं. पावसाळ्यातले शनिवार-रविवार आणि डिसेंबरची अखेर आमच्याकडे तशीही भरलेली असते. टबामुळे त्यात भर पडायला खोल्याच शिल्लक नसतात. रिकामे राहतात ते मधले वार आणि एप्रिल-मे. आणि उन्हाने अंगण तापलेलं असताना गरम पाण्यात बसायला कोण येणार? म्हणजे टबाच्या जोरावर वाढणारं बुकिंग फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मधल्या वारांचं. साडेपाच लाखांच्या कर्जाचा हप्ता त्या चार महिन्यांनी बारा महिने ओढायचा. तरीही नवऱ्याचा मुद्दा मला पटत होता, कारण दर वाढवता येतो आणि फिल्टरमध्ये नाव दिसतं, याचीही काही किंमत असते. म्हणून पैशावरून निकाल लावायचा नाही असं ठरवलं आणि चालू टब बघायला गेलो.

ओळखीच्या एका गृहस्थांचं मुळशीकडे फार्महाऊस आहे. त्यांनी मोकळेपणाने सगळं दाखवलं. सोमवारची सकाळ होती, आदल्या दिवशीचे पाहुणे गेले होते. झाकण उचललं तसा ओलसर, आंबूस वास आला. पाणी वरून निळसर, छान दिसत होतं, पण काठाला बोटभर रुंद तेलकट पट्टा होता, सनस्क्रीन आणि घामाचा. त्यांनी क्लोरीन तपासायची पट्टी पाण्यात बुडवून दाखवली. तिच्यावरचा रंग बदलायला हवा होता, तो चौकोन पांढराच राहिला. मी जेटच्या, म्हणजे पाण्याचा जोरदार झोत सोडणाऱ्या नळीच्या, तोंडात बोट घालून फिरवलं तर आतून बुळबुळीत थर लागला. "शनिवारी आठ जण बसले होते," ते म्हणाले, "क्लोरीन टाकलेलं रात्रीतच संपतं." त्यात त्यांचा निष्काळजीपणा नव्हता. गरम पाण्यात क्लोरीन झपाट्याने उडतं, माणसं जास्त असली की त्याहून लवकर संपतं, आणि बोअरचं पाणी जड असेल तर पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) वर चढून उरलेल्या क्लोरीनचीही ताकद कमी होते.

माझी नणंद सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिला त्या बुळबुळीत थराचं सांगितलं तर ती गंभीरच झाली. "वहिनी, त्या थरातच तर ते जंतू राहतात," म्हणाली. लेजिओनेला नावाचा जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो. जेटमुळे हवेत उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर तो श्वासावाटे फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो. १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनात ही साथ आली, तिच्या तपासात हा जिवाणू पहिल्यांदा ओळखला गेला. पण मला हादरवलं ते तिने सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीने. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये बोवेनकार्स्पेल गावी फुलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे विक्रीसाठी मांडलेला एक हॉट टब, म्हणजे जकुझीसारखाच गरम पाण्याचा टब, नुसता चालू ठेवलेला होता. त्यात कोणी उतरलंही नव्हतं, लोक फक्त शेजारून चालत गेले. त्या साथीत किमान ३२ माणसं दगावली.

तिनेच मला ब्रिटनची एक मार्गदर्शिका दाखवली. तिकडे खेड्यातल्या सुट्टीच्या घरांना हॉट टब असणं नेहमीचंच आहे, आणि तिथल्या आरोग्य-सुरक्षा खात्याने २०१७ मध्ये त्यासाठी नियम लिहून काढले. त्यातला आमच्या कामाचा भाग असा: घरगुती बनावटीचा टब भाड्याच्या घरात ठेवला, तर पाहुण्यांचा एक गट गेला की पाणी पूर्ण काढायचं, टब आणि फिल्टर साफ करून निर्जंतुक करायचा, आणि नवीन पाणी भरायचं. आपल्याकडे असं करायला कोणी भाग पाडत नाही. पण मुळशीचा तो थर बोटाला लागल्यावर याहून कमी काही करायचं माझ्या मनाला पटेना. आमच्याकडे लोक लहान मुलं आणि म्हातारे आईवडील घेऊन येतात.

मग हाच नियम पाळून एक शनिवार कसा जाईल, ते घड्याळ लावून मांडलं. खरा निर्णय इथे झाला.

शुक्रवारचे पाहुणे अकराला निघतात. बाराशे लिटर काढणं, टब घासणं, एक इंची पाइपाने परत भरणं यात दुपारचे दोन वाजतात, नवे पाहुणे तोवर दारात. टाकीतलं पाणी हिवाळ्यात वीस अंशांवर असतं, ते अडतीसवर न्यायचं. बाराशे लिटर पाणी अठरा अंशांनी तापवायला पंचवीस युनिट वीज लागते, साधा हीटर असेल तर याला कोणत्याच कंपनीकडे पळवाट नाही. टबातला हीटर तीन किलोवॅटचा, म्हणजे साडेआठ तास. पाणी तयार रात्री साडेदहाला. हे सगळं २३० व्होल्ट मिळाले तर. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं, आणि त्यावर तोच हीटर दोन किलोवॅटही देत नाही. मग पहाटेचे साडेतीन. मध्ये लाइट गेली तर विचारायलाच नको, कारण हा भार इन्व्हर्टरवर चालत नाही. वायरमनने वेगळी लाइन, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (शॉकचा धोका होताच वीज तोडणारा स्विच) आणि नवीन अर्थिंग हे सगळं लिहून दिलं, पण गावच्या ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज त्याच्या हातात नाही.

विक्रेत्याला हा तक्ता दाखवला. तो म्हणाला, "मॅडम, एवढं कोणी करत नाही. तीन महिन्यांनी पाणी बदला, बाकी केमिकल टाकत राहा." एका कुटुंबाच्या घरी, तेच चार जण वापरणार असतील तर ते ठीक असेलही. आमच्याकडे दर दोन दिवसांनी अनोळखी माणसं त्या पाण्यात उतरणार. आणि दिवसातून दोन-तीनदा क्लोरीन, पीएच तपासून वहीत लिहिणार कोण? ते काम आमच्या मावशींच्याच अंगावर पडलं असतं. त्या स्वयंपाक बघतात, खोल्या आवरतात, आणि शनिवारी अकरा ते एक या वेळात त्यांना पाणी प्यायलाही उसंत नसते. त्यात क्लोरीनची पावडर हाताळणं आलं. पगार वाढवून हे त्यांच्यावर टाकायला मी तयार नव्हते.

पाण्याचा मुद्दा माझ्यासाठी सगळ्यात जड होता. आमच्या तालुक्यात भाटघर आणि नीरा देवघर अशी दोन मोठी धरणं आहेत, आणि तरीही मे महिन्यात धरणांच्या वरच्या अंगाला असलेल्या वाड्यांवर टँकर येतो. महिन्याला आठ-दहा गट धरले तर टबासाठी दहा-बारा हजार लिटर पाणी लागलं असतं, म्हणजे एक अख्खा टँकर. आमच्या बोअरला पाणी आहे, पण ते जमिनीखालून सगळ्यांचंच येतं. क्लोरीनचं पाणी लगेच झाडांनाही देता येत नाही, ते आधी उघड्यावर ठेवावं लागतं. रस्त्याच्या पलीकडे हंडे रांगेला लागलेले असताना आम्ही हजार लिटर पाणी वाहून जाऊ द्यायचं, हे मला कुठल्याही दराला नको होतं.

नवरा नाराज झाला, ते साहजिकच होतं. त्याने दोन महिने या कामात घातले होते. वाट काढून दिली सासूबाईंनी. आमची चर्चा ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, पण एवढं पाणी तापवून साठवून कशाला ठेवायचं? बंबातून हवं तेवढं काढावं, आंघोळ झाली की न्हाणीतून जाऊ द्यावं." जकुझीचं सगळं दुखणं पाणी साठवून, फिरवून, पुन्हा वापरण्यात आहे. एकदा भरून एकदाच वापरायचं ठरवलं तर फिल्टर नको, क्लोरीन नको, जेटमधला तो थर नको.

म्हणून आम्ही जेट नसलेला, दोघांपुरता साधा मोठा टब घेतला, तीनशे लिटरचा. एका खोलीच्या मागच्या दाराशी ओटा बांधून त्यात बसवला, वरून कडप्पा लावला, एका बाजूने खांद्याएवढी भिंत आणि समोर भाताची खाचरं. छपरावर दोनशे लिटरचा सोलर. साठ अंशांचं सव्वाशे लिटर आणि टाकीतलं बावीस अंशांचं पावणेदोनशे लिटर मिळालं की तीनशे लिटर बरोबर अडतीसला येतं, त्यामुळे सोलरची एक टाकी एका भरणीला पुरून उरते. नणंदेने एक अट घातली: ढगाळ दिवशी सोलरचं पाणी चाळीस अंशांवरच राहिलं तर ते तसं वापरायचं नाही, कारण लेजिओनेलाला तेच तापमान मानवतं. म्हणून टाकीत दोन किलोवॅटची कॉइल बसवली. चाळीसवरून साठपर्यंत न्यायला पाच युनिटही लागत नाहीत, आणि व्होल्टेज कमी असलं तरी दुपारी चालू केलेली कॉइल संध्याकाळपर्यंत काम करते.

खाली दोन इंची पाइप आहे. बूच काढलं की पाणी केळींच्या आणि कर्दळीच्या वाफ्यात जातं. मावशी टब सोड्याने घासून कोरडा पुसतात, त्यांच्या बाकीच्या कामात ते सहज बसतं. "ताई, हे न्हाणी धुण्यासारखंच आहे," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. सगळा खर्च दीड लाखाच्या आत बसला, कर्ज काढावं लागलं नाही.

नियम आम्ही कडक ठेवलेत आणि बुकिंगच्या वेळीच सांगतो. पाणी चाळीस अंशांच्या वर नाही. दारू पिऊन टबात उतरायचं नाही, कारण गरम पाण्याने रक्तदाब उतरतो, दारूने आणखी उतरतो, आणि झोप लागली तर माणूस बुडतो. गरोदर बाई, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेली माणसं यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. लहान मुलांना त्यात खेळायला सोडायचं नाही. एका ग्रुपला हे आवडलं नाही, त्यांनी बुकिंग रद्द केलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

जाहिरातीत आम्ही स्वच्छ लिहितो: दोघांसाठी गरम पाण्याचा टब, जेट नाहीत, प्रत्येक वेळी ताजं पाणी. जकुझीच्या फिल्टरमध्ये आम्ही अजूनही दिसत नाही. आठ-दहा जणांचे ग्रुप दुसरीकडे जातात. पण हिवाळ्यातल्या मधल्या वारांना त्या खोलीचं बुकिंग वाढलं, आणि गुडघे धरलेले वयस्कर पाहुणे तर सकाळ-संध्याकाळ टब मागतात. त्यांच्यासाठी आत उतरताना धरायला स्टीलचा दांडा बसवायचा आहे, तो पावसाळ्याआधी होईल.

तुमच्याकडे वीज आणि पाणी चांगलं असेल आणि जकुझी घ्यायचीच असेल, तर विक्रेत्याकडून एक गोष्ट लेखी मागा: रिकाम्या टबापासून अडतीस अंशांपर्यंत किती तास, आणि तेही तुमच्या गावात शनिवारी संध्याकाळी जेवढं व्होल्टेज असतं तेवढ्यावर.