किनाबातांगानच्या काठावर, लॉरीची वाट बघताना

सांगलीत आमचं फरसाणाचं दुकान आहे. 2022 च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली, तेव्हा दादा रोज सकाळी तेलाच्या व्यापाऱ्याला फोन लावायचा, डब्याचा भाव ऐकायचा आणि न बोलता फोन ठेवून द्यायचा. बंदी तीन-साडेतीन आठवड्यांत उठली, पण तोवर आमची घडी विस्कटली होती. त्याच वर्षी दिवाळीत रेशनवर शंभर रुपयांत आनंदाचा शिधा आला. रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. हे तेल ज्या जमिनीतून येतं ती एकदा डोळ्यांनी बघायची, असं तेव्हापासून मनात होतं.

गेल्या डिसेंबरात बोर्निओतल्या साबाला गेले. हे मलेशियाचं राज्य. क्वालालंपूरमार्गे सांदाकान, मग सेपिलोकला ओरांगउटान, म्हणजे तिथले तांबूस केसांचे मोठे वानर. आईवेगळ्या झालेल्या पिल्लांना 1964 पासून तिथे सांभाळतात आणि जंगलात राहायला शिकवतात. तिथून किनाबातांगान नदीकाठचं सुकाऊ गाव. सांदाकानपासून दोन-अडीच तासांचा रस्ता आणि बहुतेक वाटेवर दोन्ही बाजूंना पाम. सुरुवातीला हिरवंगार बघून बरं वाटतं. मग लक्षात येतं की प्रत्येक झाड त्याच वयाचं, तितक्याच अंतरावर, अगदी टेकडीच्या माथ्यापर्यंत. इथे उभं जंगल होतं. अर्ध्या तासाने मी बाहेर बघणंच थांबवलं.

नदीवरच्या रिसॉर्टमध्ये न राहता मी ओरांग सुंगाई कुटुंबाकडे होमस्टे घेतला होता. ओरांग सुंगाई म्हणजे नदीची माणसं. किनाबातांगानच्या काठी पिढ्यान्पिढ्या राहणारे हे लोक. घरमालकांना सगळे पाकचिक म्हणत, म्हणजे काका, आणि त्यांच्या बायकोला माकचिक. भाचा इंग्रजी बोलायचा, त्याच्यामुळे आमचं जमलं. खोली साधी होती, डास भरपूर, पण माकचिकच्या हातची तळलेली केळी आणि तिची माया यापुढे मला कुठलंच रिसॉर्ट नको.

पहिल्या संध्याकाळी होडीतून फिरलो. लांब नाकाच्या माकडांचा एक कळप झाडावर बसला होता आणि खाली आठ-दहा होड्यांची गर्दी, मोठमोठ्याने बोलणं, कॅमेरे. मला ते सहन झालं नाही, मी परत फिरायला सांगितलं. येताना बघितलं, नदीकाठी जंगलाची पट्टी आहे आणि कित्येक ठिकाणी ती इतकी विरळ, की पलीकडचे पाम दिसतात.

त्या रात्री पाऊस लागला. रस्त्याच्या कडेला पाकचिकच्या मळ्यातले पामफळांचे घड रचून ठेवले होते. एकेक घड वीस किलोच्या आसपास, काटेरी, काळपट लाल. झाडं उंच गेलेली, म्हणून लांब दांड्याला विळा बांधून घड पाडावा लागतो. एकदा पाडला की चोवीस तासांत कारखान्यात पोचायला हवा. उशीर झाला की फळात आम्ल वाढतं, तेलाची प्रत उतरते आणि भाव कापतात. आमच्याकडे तोडलेला ऊस फडात वाळताना शेतकऱ्याचा जीव जसा खालीवर होतो, तसंच. पाकचिक रात्रीतून तीनदा उठून बाहेर जाऊन आले. पहाटे भाचा म्हणाला, रस्त्यावर पाणी आलंय, लॉरी येत नाही.

लॉरी आली तिसऱ्या दिवशी. तोवर घडातली फळं सुटून चिखलात पसरली होती, मुंग्या लागल्या होत्या, आंबूस वास सुटला होता. माकचिक, भाचा, शेजारच्या दोन बायका आणि मी, सगळे गुडघ्यावर बसून सुटी फळं पोत्यात भरत होतो. सुपारीएवढं फळ. नखाने दाबलं की भगवं तेल निघतं आणि हळदीसारखं बोटांना बसतं. दादा ज्याचा डबा फोडतो ते हेच, असं वाटून माझा हात थांबला.

दुपारी चहा घेताना पाकचिक बोलायला लागले. बारा एकर, झाडं सत्तावीस वर्षांची. पंचविशीनंतर फळ कमी होतं आणि झाड इतकं उंच जातं की तोडणाऱ्याची मान मोडते. ती काढून नवी लावली पाहिजेत. पण नवं रोप फळाला यायला तीन वर्षं लागतात, तोवर घर कशावर चालवायचं? 2022 च्या वसंतात कच्च्या पामतेलाचा भाव टनाला 7000 रिंगिटच्या (मलेशियाचं चलन) वर गेला आणि जुलैत 4000 च्या खाली आला. खताचा भाव मात्र तसा उतरला नाही. शिवाय युरोपचा नवा कायदा. 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल नको, आणि प्रत्येक तुकड्याचं ठिकाण नकाशावर दाखवा. कायद्याचा हेतू मला शंभर टक्के मान्य आहे. पण पाकचिकनी विचारलं, “माझी झाडं त्याच्या वीस वर्षं आधीची. हे कागद मला कोण करून देणार?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पामतेलावर बहिष्कार टाका, असं आपल्याकडे सांगणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. हेक्टरी साडेतीन टनांच्या आसपास तेल पाम देतो, सोयाबीन जेमतेम अर्धा टन. तेवढंच तेल दुसऱ्या पिकातून काढायचं तर कितीतरी जास्त जमीन लागेल आणि ती कुणाच्या तरी जंगलातूनच निघेल. म्हणून उरलेलं जंगल तोडणं थांबलं पाहिजे आणि जुनी झाडं बदलायला छोट्या शेतकऱ्याच्या हातात पैसा पडला पाहिजे. आपण जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करतो, तेव्हा हे बोलणं आपलंही काम आहे.

पाकचिकच्या मळ्याची नदीकडची बाजू रिकामी होती. गवत, झुडपं, चार मोठी झाडं. तिथून हत्ती जातात. बोर्निओतले हे हत्ती 2024 पासून नामशेष होण्याचा धोका असलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत आहेत, रानात जेमतेम हजार उरलेत. त्यांना कोवळ्या पामचा गाभा आवडतो. गेल्या वर्षी पाकचिकनी मेलेल्या झाडांच्या जागी लावलेली चाळीस रोपं एका रात्रीत गेली. 2013 च्या जानेवारीत याच साबात चौदा हत्ती मेलेले सापडले, विषबाधेचा संशय होता. मी विचारलं, या रिकाम्या पट्टीतही पाम लावले असते तर? ते म्हणाले, “मग ते घरावरून गेले असते.”

निघायच्या दिवशी लॉरीवाल्याने पावती आणून दिली. वजन, भाव आणि खाली कापलेली रक्कम. पाकचिकनी ती वाचली, घडी घालून पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि रिकामं पोतं घेऊन नदीकडे निघाले. मीही गेले. पूर ओसरला होता. ओल्या मातीत हत्तींच्या पावलांचे ताटाएवढे ठसे होते, पाण्याने भरलेले. एका ठशात वाहत आलेली तीन भगवी फळं तरंगत होती. पाकचिकनी वाकून तिन्ही उचलली, सदऱ्याला पुसली आणि पोत्यात टाकली.