बंद खात्यातून रात्री दोनला

सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी अकाउंट्सच्या ताईंचा फोन. "अरे, पासवर्ड बरोबर टाकतेय, तरी घेतच नाहीये." असे फोन आठवड्याला दोन तरी येतात. कॅप्स लॉक असतो, नाहीतर कालच बदललेला पासवर्ड डोक्यातून गेलेला असतो. मी सर्व्हरवर फेललॉकची (चुकीचे पासवर्ड मोजून खातं बंद करणाऱ्या प्रोग्रॅमची) कमांड देऊन त्यांच्या नावापुढच्या चुकांची नोंद पुसली आणि म्हटलं, "ताई, आता बघा." झालं लॉगिन. थोड्या वेळाने कनेक्शन तुटलं, पुन्हा लॉगिन करायला गेल्या तर खातं परत बंद. मी परत पुसली. तेवढ्यात डिझाइनमधला एक जण, पाठोपाठ गोदामातले दोघे. साडेनऊपर्यंत चौघांची खाती मी उघडून दिली होती, आणि ती बंद कशाने होतायत हे एकदाही पाहिलं नव्हतं. पंधरा वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाने हे करावं!

डोळे उघडले ते स्वतःवर बेतल्यावर. माझं टर्मिनल आदल्या रात्रीपासून उघडंच होतं. सुडोने, म्हणजे ॲडमिनचे अधिकार देणाऱ्या कमांडने, पासवर्ड मागितला, दिला, नाकारला. पुन्हा दिला. एकेक अक्षर बघून दिला. तरी नाही. माझंही खातं कुलूपबंद, आणि किल्ल्यांचा जुडगा त्याच्याच आत. शेवटी होस्टिंगवाल्यांच्या वेब कन्सोलमधून रूट या सर्वाधिकार असलेल्या खात्याने आत गेलो. फेललॉक मुद्दाम सांगितल्याशिवाय रूटला बंद करत नाही, म्हणून ती वाट तरी शिल्लक होती.

माझ्या नावापुढची नोंद पाहिली. तीन चुका, तीन वेगळे आयपी पत्ते, त्यातला एकही माझा नाही. ताईंचंही तेच. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, तर 'फेल्ड पासवर्ड'च्या ओळी धो धो वाहत होत्या. रूट, ॲडमिन, टेस्ट ही नेहमीची नावं होतीच. उघड्या २२ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या एसएसएचच्या दारावर, ती रोज कोणी ना कोणी ठोठावतंच. पण यांच्यात आमच्या माणसांची खरी युजरनेम होती. तीही जिकिरीने मिळवलेली नव्हेत. आमची युजरनेम म्हणजे ईमेल पत्त्यातला ॲट चिन्हाआधीचा भाग, आणि ते पत्ते संपर्काच्या पानावर सगळ्या जगासाठी मांडून ठेवलेले.

मग फेल-टू-बॅन हा पहारेकरी प्रोग्रॅम काय करत होता, असं कोणीही विचारेल. तो जागाच होता. एका पत्त्यावरून १० मिनिटांत ५ चुका झाल्या की तो पत्ता अडवायचा, एवढंच त्याचं काम. इथे प्रत्येक पत्ता एकदा-दोनदा ठोठावून निघून जात होता, त्यामुळे त्याच्या हिशेबात सगळे सज्जन. फेललॉक मात्र माणसागणिक मोजतो, पत्ता कोणताही असो. म्हणजे बाहेरचे पहारेकऱ्याच्या नजरेत येत नव्हते आणि शिक्षा आतल्यांना होत होती.

वर माझी करामत वेगळीच. कुठल्याशा सुरक्षेच्या यादीत वाचून मी तीन चुकांनंतर खातं कायमचं बंद राहील अशी सेटिंग केली होती. अनलॉक टाइम शून्य. मुळात ती ६०० सेकंद असते. शून्य म्हणजे मी हाताने उघडेपर्यंत बंद. तेव्हा फार कडक, फार सुरक्षित वाटलं होतं. खरं तर कोणालाही फक्त नाव ठाऊक असलं की त्या माणसाला कामावरून घरी बसवता येईल, अशी सोय मीच करून दिली होती. पासवर्ड फुटायचीही गरज नाही.

पण एसएसएच तर फक्त व्हीपीएनमधून, म्हणजे ऑफिसच्या खाजगी जोडणीतून, चालायला हवं होतं. बाहेरून कोणाला आत येऊ द्यायचं ते ठरवणारे फायरवॉलचे नियम उघडून पाहिले. तीन दिवसांपूर्वी बाहेरच्या एका तंत्रज्ञाच्या रात्रीच्या कामासाठी ते 'तात्पुरतं' सगळ्यांनाच उघडून दिलेलं. नियमापुढच्या शेऱ्यात माझीच आद्याक्षरं. नियम काढला, आणि लॉग असा शांत झाला की क्षणभर सर्व्हरच बंद पडला की काय वाटलं.

फोन एव्हाना थांबत नव्हते, पण आता मी एकही खातं उघडलं नाही. आधी आत कोण येऊन गेलंय ते बघायचं होतं. 'ॲक्सेप्टेड'च्या, म्हणजे लॉगिन जमलेल्यांच्या, ओळी वेगळ्या काढल्या. आलेले सगळे ओळखीचे, ज्याचं नाव त्याचाच नेहमीचा पत्ता. एक सोडून. रोज रात्री बरोबर दोन वाजता एक जण पब्लिक कीने, म्हणजे पासवर्डऐवजी किल्लीच्या फाइलीने, आत येत होता, चाळीसेक सेकंद थांबत होता आणि जात होता. नाव आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचं.

मी ते खातं बंद केल्याचं मला पक्कं आठवत होतं. स्थिती तपासली तर खरंच बंद. पासवर्डच्या शॅडो फाइलीत हॅशच्या (पासवर्डच्या सांकेतिक रूपाच्या) आधी उद्गारचिन्ह, म्हणजे बंदची खूण, दिमाखात उभं. पोटात गोळा आला. मग मॅन्युअल उघडलं. तिथे सरळ लिहिलंय की अशा लॉकने पासवर्ड तेवढा निकामी होतो, किल्लीने येणाऱ्याला दार मोकळंच राहतं. खातं पुरतं बंद करायचं तर त्याची मुदत संपवा. हे पान मी कितीदा उघडलं असेन, देव जाणे.

पहिली ओढ होती ती त्याच्या किल्ल्यांची फाइल उडवून टाकण्याची. आवरलं. आधी त्याच्या होम डिरेक्टरीची (त्याच्या फोल्डरची) आणि लॉगची प्रत काढली, मग खात्याची मुदत संपवली, मग क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, पाहिला. ऑथराइज्ड कीजच्या फाइलीत, म्हणजे चालणाऱ्या किल्ल्यांच्या यादीत, तीन किल्ल्या होत्या. लॉगमध्ये किल्लीचा ठसाही नोंदलेला असतो, तो दुसरीशी जुळला. आणि आयपी पत्ता आमच्याच ऑफिसातला! म्हणजे फायरवॉल लावून मी हात झटकले असते, तर हा पाहुणा सापडलाच नसता.

कोपऱ्यात, मॉनिटर नसलेला, धूळ खात पडलेला त्याचा जुना डेस्कटॉप. दिवा लुकलुकत होता. त्याला फोन केला तर तो हसायलाच लागला, "ते मशीन अजून चालू आहे?" पासफ्रेज (किल्लीचा स्वतःचा पासवर्ड) नसलेली किल्ली आणि एक स्क्रिप्ट, रोज विक्रीची एक फाइल ओढून शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायची. ती कोण वाचायचं, हे त्यालाही आठवेना. मी प्लग काढला.

दुपारी एकेक खातं उघडलं. फोन आला की लगेच नाही. आधी ठेवायला सांगायचो आणि माझ्याकडच्या नंबरवर स्वतः उलट फोन करायचो. दोघांना राग आला. येऊ दे. अशा गोंधळात 'माझंही खातं उघडा ना' म्हणणं कोणालाही जमतं.

संध्याकाळी अनलॉक टाइम १५ मिनिटांवर आणला आणि सगळ्यांसाठी किल्ल्या बनवायला घेतल्या. पासवर्डचं दार बंद करताना कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह ही प्रश्नोत्तरी लॉगिनची पद्धतही बंद केली, नाहीतर पासवर्ड त्या वाटेने पुन्हा आत येतो. कॉन्फिग तपासून सेवा रीलोड केली, जुनं सेशन तसंच ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाहिलं. झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला ताईंचा फोन. "लॉगिन झालं रे व्यवस्थित. पण तो रोजचा विक्रीचा रिपोर्ट आज आलाच नाही बघ."