हजार ग्रॅमचा ट्रिगर

नेमबाजीत पंचवीस मीटरचं पिस्तूल मारणाऱ्या ज्युनिअर मुली ट्रिगर दाखवायला माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काका, अजून थोडा हलका होईल का?" माझंही ठरलेलं आहे. आधी कालच्या सरावातल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या दाखव, मग ट्रिगरचं बघू.

मुलींना हे उलटं वाटतं. ट्रिगर बोटाखाली असतो आणि पुंगळी उडून मागे पडलेली, तिचा इथे काय संबंध? पण भोसरीच्या टूलरूममध्ये माझी उमर गेली आणि स्वतः मी स्टँडर्ड पिस्तूल, म्हणजे पंचवीस मीटरचाच एक प्रकार, मारतो, त्यामुळे एवढं नक्की सांगू शकतो की ट्रिगर हलका करताना बिघडतं ते बहुतेक वेळा ट्रिगरमध्ये दिसतच नाही. ते पुंगळीवर दिसतं.

आधी नियमाचं बोलू. दहा मीटर एअर पिस्तुलाला ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो, म्हणजे तेवढा भार येईपर्यंत तो सुटता कामा नये, आणि पंचवीस मीटरच्या पॉइंट टू-टू (.२२ कॅलिबर) पिस्तुलाला १००० ग्रॅमचा. पन्नास मीटर फ्री पिस्तुलाला अशी खालची मर्यादाच नव्हती. त्यातले काही ट्रिगर इतके हलके असत की बोट नुसतं टेकलं तरी शॉट सुटायचा. तो प्रकार रिओ २०१६ नंतर ऑलिंपिकमधून गेला. रॅपिड फायरवालेसुद्धा २००५ पर्यंत पॉइंट टू-टू शॉर्ट हे आखूड काडतूस आणि अगदी हलका ट्रिगर वापरत. नियम बदलले आणि तेही 'लाँग रायफल' नावाच्या लांब काडतुसावर आणि हजार ग्रॅमवर आले. म्हणजे आज पंचवीस मीटरच्या ऑलिंपिक प्रकारात कोणीही उतरो, हजार ग्रॅमच्या खाली कोणाला जाता येत नाही. मग स्पर्धा हलकेपणाची उरतच नाही. प्रत्येक वेळी ट्रिगर तितकाच आणि त्याच जागी सुटतो का, एवढंच उरतं.

हे वजन मोजतात कसं, तेही मुलींना नीट माहीत नसतं. टेबलावर हजार ग्रॅमचं वजन उभं असतं. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून कॉक करायचं (म्हणजे पिनवर आपटणारा हॅमर मागे चढवायचा), नळी सरळ वर धरायची, वजनाचा आकडा (हूक) ट्रिगरच्या मध्यावर अडकवायचा आणि सावकाश उचलायचं. वजन टेबलापासून सुटलं आणि हॅमर पडला नाही, तर पास. झटक्याने उचललं तर वजनाला धक्का बसतो आणि चांगला ट्रिगरही सुटतो. आकडा ट्रिगरच्या खालच्या टोकाकडे सरकला तर तरफेचा हात लांबतो आणि तोच ट्रिगर हलका भरतो. तपासणी स्पर्धेआधी होते, आणि शूटिंग संपल्यावर चिठ्ठ्या टाकूनही होते. त्या दुसऱ्या तपासणीत वजन उचललं गेलं नाही तर थेट बाद. चांगला स्कोअर झालेल्या मुलीला तिथून रडत बाहेर येताना ज्याने पाहिलंय, तो कोणाचा ट्रिगर काट्यावर १००० ठेवणार नाही. मी १०२० ते १०४० च्या मध्ये ठेवतो. स्प्रिंग बसते, मळ साचतो, ट्रिगरचा शू, म्हणजे बोट टेकतं तो तुकडा, अर्धा मिलिमीटर सरकतो. एवढी जागा त्यासाठी लागतेच.

आणि ते वरचे तीस ग्रॅम बोटाला कळत नाहीत, हे मी पैजेवर सांगतो. बोटाला कळते ती वाटणी. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये पहिल्या टप्प्यात सातशे-साडेसातशे ग्रॅम घेऊन ठेवले तर पुढच्या भिंतीवर, म्हणजे बोट अडतं त्या दुसऱ्या टप्प्यावर, अडीचशे-तीनशेच उरतात. मालिकेतल्या पाचच्या पाच शॉटना पिस्तूल वर येता येता पहिला टप्पा संपलेला असला पाहिजे आणि टार्गेटच्या सफेद-काळ्याच्या सीमेवरून साइट काळ्यात शिरताना बोट भिंतीवर पाहिजे. ही वाटणी जुळली की मुलगी स्वतःच म्हणते, "काका, हलका केलात ना?" एकूण वजन मी तेवढंच ठेवलेलं असतं.

आता पुंगळ्यांकडे येतो.

पॉइंट टू-टूच्या काडतुसाला मध्यभागी वेगळी प्रायमरची टिकली नसते. पेट घेणारा मसाला ओला असतानाच पुंगळीत घालतात आणि ती गरागरा फिरवून तो तळाच्या दुमडलेल्या कडेत, म्हणजे रिममध्ये, भरतात. फायरिंग पिन त्या कडेवर आपटते, कड चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) काठावर चिरडली जाते आणि मसाला पेटतो. रिमची जाडी जेमतेम एक मिलिमीटर. काम एवढ्याशा जागेत व्हायचं असतं, आणि त्यासाठी लागणारा मार येतो हॅमरच्या मुख्य स्प्रिंगमधून.

घोळ इथेच होतो. हॅमर ज्या कडेवर अडकून बसतो तो सियर. मुख्य स्प्रिंग हॅमरला ढकलते, हॅमर सियरवर दाबतो, आणि ट्रिगर ओढताना बोटाला तो दाब आणि घर्षण यातून सियर सरकवावा लागतो. म्हणून मुख्य स्प्रिंग मऊ केली की ट्रिगर लगेच हलका लागतो. एका वेढ्याची कापणी, पाच मिनिटांचं काम, आणि मुलगी खूश. पण त्याच स्प्रिंगवर पिनचा मार अवलंबून असतो. शिवाय कापलेली स्प्रिंग लांबीला तोकडी पडते आणि तिचा आधीपासूनचा ताण निघून जातो. हॅमर सुस्तावतो. ट्रिगर सुटल्यापासून गोळी पेटेपर्यंतचा वेळ वाढतो आणि तेवढ्यात हात हलतो. मुलींच्या पंचवीस मीटरच्या रॅपिड टप्प्यात टार्गेट प्रत्येक शॉटला तीन सेकंद समोर असतं. तिथे हलक्या ट्रिगरने जे मिळवलं ते सुस्त हॅमर काढून घेतो.

अशीच एक मुलगी मागच्या पावसाळ्यात आली. सरावात पाचात एखादं काडतूस पेटत नव्हतं. वडिलांनी दोन कंपन्यांची काडतुसं बदलून पाहिली होती, आणि ही काडतुसं काही स्वस्त मिळत नाहीत. मी तिला पेटलेल्या पुंगळ्या आणि न पेटलेली काडतुसं वेगवेगळ्या डबीत आणायला सांगितलं. घड्याळजी वापरतात ते भिंग डोळ्याला लावून टेबललॅम्पखाली सगळी ओळीने मांडली. चांगल्या पिस्तुलाचा ठसा कसा असतो? कडेला टेकलेला, चौकोनी, तळ सपाट आणि कोपरे धारदार, आणि दहाच्या दहा पुंगळ्यांवर एकसारखा. हिच्या पेटलेल्या पुंगळ्यांवरचे ठसेसुद्धा उथळ होते, काहींचे कोपरे नुसते पुसट उमटलेले. पिन कडेला होती, पण दाबायला जोर नव्हता. दोष काडतुसाचा असता तर न पेटलेल्या काडतुसावरही ठसा खोलच मिळाला असता. पिस्तूल उघडल्यावर स्प्रिंगच्या टोकाला कटरची ताजी चमक दिसली. कोणीतरी "ट्रिगर जॉब" करून दिला होता, पैसे घेऊन. कोणी, ते महत्त्वाचं नाही. पंधरा वर्षांच्या मुलीचा एक अख्खा हंगाम त्यात गेला याचा मला आजही संताप येतो.

कारखान्याची मूळ स्प्रिंग मागवून परवानाधारक आर्मररकडून, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडून, बसवून घेतली. मग ट्रिगर मॅन्युअलमधल्या स्क्रूंनी १०३० वर आणला, पहिला टप्पा वाढवला, सुटल्यानंतरची मोकळी चाल स्टॉप स्क्रूने कमी केली. ती आता त्याच काडतुसांवर मारते आहे.

तरीही दर वेळी स्प्रिंगच दोषी असते असं नाही. पुण्यातल्या दमट महिन्यांत मला जास्त वेळा सापडतो तो चेंबरमधला मळ. पॉइंट टू-टूच्या शिशावर मेणाचा किंवा वंगणाचा थर असतो. तो, शिसं आणि धूर मिळून चेंबरच्या तोंडाशी कडक कडं तयार होतं. मग काडतूस पूर्ण आत बसत नाही, केसभर बाहेर राहतं. पिन आपटते तेव्हा तिचा अर्धा जोर काडतूस पुढे ढकलण्यातच जातो आणि रिम चिरडायला उरतो तो कमी पडतो. लक्षण ओळखायचं असेल तर न पेटलेलं काडतूस त्याच पिस्तुलात पुन्हा मारून पाहा. पहिल्या फटक्याने ते आत बसलेलं असतं, म्हणून दुसऱ्या फटक्याला बहुधा पेटतं. असं वारंवार होत असेल तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा आणि ब्रश उचला. पिनच्या खोबणीत दाट तेल घालणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. तिथे तेल म्हणजे धुळीला घर, आणि डिसेंबरच्या सकाळी बालेवाडीच्या रेंजवर ते तेल घट्टही होतं.

काडतूस पेटलं नाही तर पिस्तूल टार्गेटच्या दिशेलाच धरून ठेवायचं आणि निदान तीस सेकंद थांबायचं, उशिरा पेटण्याची शक्यता असते. स्पर्धेत तर बोट ट्रिगरवरून काढून मोकळा हात वर करायचा आणि बोल्टला, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाला, हातच लावायचा नाही. अधिकारी येऊन बघतो. तुम्ही आधीच बोल्ट ओढलात तर खरा बिघाडही तुमच्या खात्यावर जातो. मुली घाबरून नेमकं हेच करतात, म्हणून डमी काडतूस मॅगझिनमध्ये मध्येच घालून मी त्यांच्याकडून हा सराव करून घेतो.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरबद्दल हल्ली पालक फार विचारतात. त्यात स्प्रिंगचा दाब बोटापर्यंत येतच नाही. ट्रिगर हा नुसता स्विच, हॅमर किंवा झडप सोडायचं काम वीज करते. सुटणं काचेसारखं स्वच्छ आणि वर्षानुवर्षं तसंच. मला ती रचना मनापासून आवडते. पण टोकियोचा २५ जुलै २०२१ आठवा. मनू भाकरच्या एअर पिस्तुलात पात्रता फेरी चालू असतानाच बिघाड झाला. दुरुस्तीसाठी रेंजवरून बाहेर जावं लागलं, घड्याळ चालूच होतं. साठ शॉटना सव्वा तास मिळतो, त्यातली कितीतरी मिनिटं दुरुस्तीत गेली. परत येऊन तिने उरलेले शॉट घाईघाईने मारले आणि ५७५ केले. बारावी आली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्या परिस्थितीत ५७५ मारणं म्हणजे काय, ते रेंजवर उभं राहिलेल्या माणसाला विचारा. ट्रिगर यांत्रिक असो नाहीतर विजेचा, जुळवलेलं आणि स्वतःच्या हातात बसलेलं दुसरं पिस्तूल जवळ पाहिजे, आणि त्याचाही ट्रिगर पहिल्याशी मिळवलेला पाहिजे. हे खर्चिक आहे, मला माहीत आहे. निदान क्लबात तरी असं एक असावं.

राही सरनोबतचं जकार्ताचं पंचवीस मीटर पिस्तुलाचं फायनल मी अजूनही मुलींना दाखवतो. २०१८ चे आशियाई खेळ, थायलंडच्या नेमबाजाशी ३४-३४ अशी बरोबरी. पहिल्या शूट-ऑफमध्ये पुन्हा ४-४. दुसऱ्यात राही ३-२ ने जिंकली, आणि आशियाई खेळांत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. बघताना मी आवाज बंद करतो आणि फक्त तिच्या पिस्तुलाच्या वर येण्याकडे बघायला सांगतो. तीन सेकंदांत साइट स्थिरावते आणि शॉट जातो, प्रत्येक वेळी त्याच वेळेला. एवढ्या ताणात बोट ट्रिगरचा विचार करत नसतं. तो विचार महिनोन्महिने आधी झालेला असतो.

म्हणून हंगामाच्या सुरुवातीला माझ्याकडे येणाऱ्यांनी आता एवढंच करा. सियरला पॉलिश लावणं, कानस फिरवणं, स्प्रिंगला हात लावणं हे तुमचं काम नव्हे, माझंही नव्हे. ते आर्मररचं. तुमच्या हातात मॅन्युअलमधले स्क्रू, ब्रश आणि डोळे आहेत. हजार ग्रॅमचं एक चाचणी-वजन क्लबमधल्या तिघी-चौघींनी मिळून घ्या आणि दर शनिवारी लावून बघा, वहीत लिहून ठेवा. नवीन लॉटची काडतुसं आली की त्यातल्या पन्नास मारून पुंगळ्या तारीख घालून डबीत ठेवा. पिस्तुलाच्या पेटीत एक फायरिंग पिन, पुंगळी बाहेर ओढणारा एक एक्स्ट्रॅक्टर आणि एक मुख्य स्प्रिंग कारखान्याचीच, न कापलेली, असू द्या. राज्य स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मात्र माझ्याकडे स्क्रू फिरवायला येऊ नका, मी फिरवणार नाही. पुंगळ्या घेऊन या, त्या बघायला मी रात्री दहापर्यंत जागा आहे.