आमची वाटचाल : आहे त्याच सामानात

पॉलिशवाल्याला घर लावायला बोलवायची पद्धत पुण्यात नव्हती. पॉलिशवाला येणार, देव्हारा, दारं, फार तर दिवाण चकचकीत करून जाणार, आणि त्याच्या पाठोपाठ मंडळी नवे पडदे नि नवं टीपॉय आणायला बाजार गाठणार. आमचं वर्कशॉपही तसंच होतं : स्पिरिट पॉलिश (म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख), वेतकाम, जुन्या फर्निचरची डागडुजी. आज आम्ही सबंध खोली लावून देतो, तीही घरातल्याच सामानात. बाहेरून येतात ते फक्त स्क्रू, चिकटपट्टी, चपडा लाख, वेत आणि स्पिरिट. हा धंदा चालायचा नाही असं तोंडावर सांगणारे पुष्कळ भेटले. त्यातलेच काही आता 'अपसायकलिंग' अशी पाटी लावून आमच्या दुप्पट दर घेतात. चालू द्या.

सुरुवातीला आमच्याबरोबर अर्ध्या भागीत एक वेतकारागीर होते. दृष्टी नव्हती, सगळं काम बोटांवर. त्यांना आम्ही काका म्हणायचो. खुर्ची उलटी करून मधोमध अंगठा दाबायचे, टिचकी मारायचे आणि तिथल्या तिथे निकाल द्यायचे : वीण गेली आहे की नुसती सैल पडली आहे. त्यांची हत्यारं म्हणजे एक टोच्या, एक बारीक हातोडी, भोकांतला जुना वेत ठोकून काढायची लोखंडी कांडी आणि खिसाभर लाकडी खुंट्या. वेत पंधरा-वीस मिनिटं पाण्यात. त्याहून जास्त ठेवला की काळवंडतो आणि ओढताना साल सुटते. मग दोन फेऱ्या उभ्या, दोन आडव्या, दोन तिरक्या, शेवटी कडेची पट्टी. तिरकी फेरी चुकीच्या बाजूने घातली तर वेत उभ्या-आडव्यावर घासतो आणि वर्षभरात तुटतो. विणलेली खुर्ची नुसती बघून घेऊ नका. तिरक्या वेतावरून नख फिरवा. ते अडखळलं तर काम परत करा.

नुसत्या सैल पडलेल्या खुर्चीला काका हात लावत नसत. गिऱ्हाइकालाच उपाय सांगून घरी पाठवत, आणि आमचं गिऱ्हाईक जात असे! उपाय असा : खुर्ची उलटी ठेवा, गरम पाण्यात बुडवून पिळलेला जाड टॉवेल वेताच्या खालच्या अंगाला अर्धा तास पसरा, मग खुर्ची सावलीत पूर्ण सुकू द्या. तोवर कोणी बसायचं नाही. वेताची वरची बाजू गुळगुळीत, ती पाणी धरत नाही. खालची खरबरीत बाजू पिते आणि सुकताना आखडते. खालून व्हार्निश मारलेलं असेल तर हा उपाय लागू पडत नाही, आणि प्लास्टिकच्या वेतावर तर मुळीच नाही.

मधली वर्षं बरी गेली, त्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मग दोन गल्ल्या सोडून नव्या फर्निचरचं एक दालन उघडलं.

नाव घेत नाही. पेठेतल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. त्यांची योजना साधी होती. जुना दिवाण द्या, नव्या सोफ्यावर सूट घ्या. जुनं कपाट द्या, नव्या वॉर्डरोबवर सूट. वाडे पाडून इमारती उभ्या राहत होत्या, माणसं दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चालली होती, आणि लिफ्टमध्ये न मावणारं सागवानी कपाट कोणी उचलून नेतंय याचाच त्यांना आनंद. त्या कपाटाच्या मागच्या फळ्या चार पेच काढले की सुटतात, वरचा कंगोरा उचलून निघतो आणि सगळं जिन्याने चढतं, हे सांगायला कोणी नव्हतं. आम्ही सांगायला गेलो तर धंद्यासाठी बोलतात असं ऐकून घ्यावं लागलं. आमच्या हातून पॉलिश झालेलं शिसवी कपाट आम्ही पुढे काचेआड बघितलं. त्यावर 'अँटिक' असं लिहिलं होतं आणि किंमत त्या घराला मिळालेल्या सवलतीच्या कितीतरी पट. मूळ मालकीणबाईंनी ते भंगार समजून दिलं होतं.

आमचे दोन चांगले पॉलिशवाले तिकडे गेले. रोजचा पगार आणि वर पंखा, त्यांना दोष देत नाही. त्यात नोव्हेंबर 2016 ची नोटाबंदी आली. आमच्या धंद्यात मजुरी रोख, वेत रोख, स्पिरिट रोख, आणि गिऱ्हाईक म्हणतं पॉलिश काय, पुढल्या वर्षी करू. सँडर, म्हणजे लाकूड घासायचं यंत्र, विकावा लागला. वर्कशॉपची अर्धी जागा एका प्रेसवाल्याला दिली. काका म्हणाले, माझा हिस्सा राहू दे, आधी चपडा लाख आण. एवढंच म्हणाले, पण ते विसरता येत नाही.

तगलो ते पावसाळ्यामुळे. दालनाचं सामान पार्टिकल बोर्डाचं होतं. म्हणजे लाकडाचा भुसा चिकटद्रवात दाबलेला, वर छापील कागद किंवा लॅमिनेट. पावसाळ्यात ओल धरली किंवा फरशी पुसताना पायाशी पाणी लागलं की कड फुगते, आणि फुगलेला बोर्ड वाळला तरी पूर्ववत बसत नाही. बिजागरीचा स्क्रू एकदा निघाला की त्याच भोकात पुन्हा पकड घेत नाही. असं दार घरी बसवायचं असेल तर भोकात फेव्हिकॉल लावलेली लाकडाची काडी ठोका, रात्रभर सुकू द्या, कड सपाट कापा आणि त्यात नवं बारीक भोक पाडून स्क्रू घाला. अशी कामं आमच्याकडे इतकी आली की भाडं निघू लागलं. मनात काय आलं ते लिहीत नाही.

तेव्हा कोणी जुनं सामान मागत असेल तर देण्याआधी एवढं करा. एक कोपरा उचला. सागवान आणि शिसवी हाताला लगेच कळतं. खण पूर्ण बाहेर काढून त्याचे सांधे बघा. फळ्या एकमेकींत दात घालून बसवल्या असतील तर ते कारागिराचं काम. फळीच्या कडेला बघा : वरच्या रेषा कडेवरून खाली उतरत असतील तर लाकूड भरीव, कडेला वेगळी पट्टी दिसली तर वर व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, असू शकतं, आणि त्यावर जाड काचकागद फिरवलात तर दोन मिनिटांत आरपार. पॉलिश कसलं आहे ते मागच्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाकून बघा. चिकट झालं तर लाखेचं. ते घरच्या घरी सुधारता येतं. ढिम्म राहिलं तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), ही रासायनिक पॉलिशं. तिथे खरवडण्याशिवाय गत्यंतर नाही.

हलणाऱ्या खुर्चीला खिळा मारणाऱ्यांचा मला फार राग येतो. जुने सांधे सरसाचे. सांध्यात गरम पाणी सोडा, सरस मऊ होतो, सांधा अख्खा सुटतो. जुना सरस पटाशीने पूर्ण खरवडा, कारण त्याच्यावर फेव्हिकॉल धरत नाही. लाकूड वाळलं की चिकटवून दोरीचा पीळ देऊन चोवीस तास ठेवा. खिळा मारला की कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, चिरतो, आणि मग त्या खुर्चीला पाय नवा लागतो.

आता सदाशिव पेठेतल्या बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, वाडा जाऊन तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळालेल्या. दालनाचा माणूस त्यांच्याकडे तीनदा येऊन गेला होता. बाईंनी आम्हाला बोलावलं आणि म्हणाल्या, "हे बघा, नवीन काही आणायचं नाही. मी दुकान लावायला नाही, घर लावायला बोलावलंय." खोली लावायचं आमचं काम तिथून सुरू झालं.

खोली दहा बाय बारा. सामान : शिसवी दिवाण, सागवानी कपाट, वेताच्या दोन खुर्च्या, बंब, घंगाळ, साड्यांची ट्रंक आणि छताला टेकलेल्या तसबिरी. पहिलं काम खोली रिकामी करण्याचं. जड कपाट तेवढं राहू द्यायचं, बाकी सगळं बाहेर. भरल्या खोलीत उभं राहून कुठे काय ते सुचत नाही. दिवाण खिडकीखाली होता. काळं लाकूड उजेड खातं आणि खिडकी अर्धी झाकते. तो लांब भिंतीला नेला, भिंतीपासून चार बोटं पुढे, म्हणजे पावसाळ्यात ओल धरत नाही. दारापासून खिडकीपर्यंत अडीच फूट वाट मोकळी ठेवली. तसबिरींचा मध्य जमिनीपासून साधारण 57 इंचावर आणला. दिवाणावरच्या तेवढ्या तक्क्याच्या दहा इंच वर, नाहीतर डोकं आपटतं. यजमानांची तसबीर मात्र बाईंनी खाली येऊ दिली नाही. योग्यच. ती एकटी वर, बाकीच्या खाली एकत्र, आणि भिंत उलट जास्त चांगली दिसली.

पडदे इरकलीचे. हिशेब नीट समजून घ्या. पाचवारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे 216 इंच. सात फुटी दाराला 84 इंच, वर चुण्यांना चार, खाली दुमडीला चार : 92 इंच. एका साडीत दोन तुकडे, आणि 32 इंच उरतात त्यात पदर येईल असा कापा. त्याच्या उशा होतात. पन्ना 45 इंच, दुप्पट चुण्या धरल्या तर एक तुकडा बावीस-तेवीस इंच झाकतो. चार फुटी दाराला एक साडी जेमतेम पुरते. कापण्याआधी कापड दोन अंगठ्यांत धरून आडवं ताणा. चर्र आवाज आला तर ती साडी पडद्याची नाही, गोधडीची. लाल काठावर ओला पांढरा रुमाल दाबून रंग जातो का बघा. रेशमी असेल तर पश्चिमेच्या खिडकीला लावूच नका, उन्हाने रेशीम कुजतं. लावायचीच तर मागे जुनी पांढरी चादर अस्तर म्हणून घाला.

घंगाळ चिंचेने घासलं : लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात, चमचाभर मीठ, दोन-तीन मिनिटं चोळून लगेच धुवायचं, लगेच पुसायचं. चिंच लावून ठेवून दिली की पितळेतलं जस्त निघून जातं आणि तांबूस डाग पडतात. ते मग तांबट आळीत नेऊनच निघतात. घंगाळात थेट माती भरू नका. आत प्लास्टिकची कुंडी, खाली विटेचा तुकडा. बंबाला दिव्यासाठी भोक पाडायला सांगणारे भेटतील. पाडू नका. कोपऱ्यात नुसता ठेवला तरी तो खोली धरतो.

दिवाणावर कपाचे पांढरे गोल होते. पांढरा डाग म्हणजे ओल पॉलिशमध्ये अडकलेली. स्पिरिटने नुसता दमट केलेला बोळा हलक्या हाताने फिरवला की जातो. काळा डाग लाकडात उतरलेला असतो, तो पॉलिशने जात नाही. लाखेचं प्रमाण लिटरभर स्पिरिटला 140 ग्रॅम. जाड केलं तर लवकर होईल असं वाटतं, पण बोळा ओढतो आणि पट्टे उठतात. कापसाचा बोळा, वर मलमल, ओढू लागला तर जवसाच्या तेलाचा एक थेंब. भिजवलेली लाख सहा महिन्यांवर ठेवू नका, ती चिकटच राहते.

बाईंनी पुढे सबंध सोसायटी आमच्याकडे पाठवली. दालन आता तिथे नाही, त्या जागी डायग्नोस्टिक सेंटर आहे.

शेवटी एक कामाचं. गणपतीला घर चकचकीत हवं म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पॉलिशसाठी फोन येतात. त्या हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि पॉलिश धुरकट होतं. गणपतीआधी आम्ही पडदे, पितळ, तसबिरी आणि सामानाची हलवाहलव एवढंच करतो. वेतकामही तेव्हा नाही, कारण वेत सुकत नाही. पॉलिश पाऊस सरल्यावर, दिवाळीआधी. नवरात्र बसायच्या आत सांगून ठेवा, आणि फोन करताना खोलीची लांबी-रुंदी, दार उघडतं कुठल्या अंगाला आणि ट्रंकेत साड्या किती, हे आधी मोजून ठेवा.