वहिनींसाठी का?

मंगळवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाही. कारण सांगायला गेलं तर एवढंसं आहे. दुपारी पुस्तकवाल्याशी खोटं बोललो.

मनपाला उतरून शनिवारवाड्यावरून चालत अप्पा बळवंत चौकात गेलो होतो. हल्ली चालायला वेळ असतो. जुनी पुस्तकं मांडून बसलेल्या एकाकडे स्वयंपाकाचं 'रुचिरा' दिसलं. वेष्टन गेलेलं, शिवण सैल झालेली, मधल्या काही पानांवर तेलाचे डाग. उभ्याउभ्याच वाचत राहिलो. त्यानं सहज विचारलं, "वहिनींसाठी का?" मी म्हणालो, "हो." तेवढ्यावर थांबायचं, तर पुढे म्हणालो, "तिला फार हौस आहे." ते ऐकून त्यानं आपणहून वीस रुपये कमी केले. मी घेतले.

ती सात वाजता दमून येते तेव्हा कुकर मी लावलेला असतो. मार्चपासून रोज.

का म्हणालो मी हो? त्या माणसाला माझं काय माहीत होतं? कारखान्याच्या गेटवर लावलेली, कामावरून कमी केलेल्यांची ती यादी त्यानं थोडीच वाचली होती. "माझ्यासाठीच" एवढं म्हटलं असतं तर त्यानं पिशवीत घालून दिलं असतं, संपलं असतं.

पुस्तक शोधायला मी गेलो ते खरोखर गरज म्हणून. बावीस वर्षं मायक्रोमीटर धरलेला हात आहे. शतांश मिलिमीटर इकडंतिकडं झालं तर केलेला भाग परत. आणि स्वयंपाकात सगळे सांगतात, 'अंदाजानं घाला'. अंदाज ज्याच्या हाताला आहे त्यानं घालावा. माझी आमटी चुकली की ती टाकून दुसरी करायची सोय आता नाही, चुकलेलीच चौघांनी खायची. धाकटी काही बोलत नाही, पाणी जास्त पिते. ते बघवत नाही.

मागच्या महिन्यात वाचनालयातून एक पुस्तक आणलं होतं. 'कमी खर्चात' असं मोठ्या अक्षरात वर लिहिलेलं. पहिल्या दहा पानांत काजूची पेस्ट, अर्धी वाटी साय आणि 'उरलेलं पनीर'. पनीर उरावं इतकं आमच्याकडे येत नाही. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं. म्हणजे कमी खर्चाचं पुस्तक लिहिणाऱ्यालाही आमचं घर दिसत नाही. मग आम्ही नक्की कुठं बसतो?

आईला यातलं काहीच लागलं नसतं. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या आणि मूठभर डाळ घालून ती सहा माणसं जेवू घालायची, वरून लसणाची फोडणी. हुलग्याचे शेंगोळे करायची, त्यांचं पीठ उतरून पाणीच दाट व्हायचं, वेगळी आमटी लागायची नाही. आबा सांगायचे, बहात्तरच्या दुष्काळात मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीच्या लाल भाकरी खाल्ल्या, दुष्काळी कामावर खायला सुकडी मिळायची. हे सगळं ज्यांना येत होतं त्यांनी लिहून ठेवलं नाही. लिहिणार कधी, चुलीपुढून उठायला मिळालं तर ना. आईला मी एकदाही विचारलं नाही, कण्या किती आणि पाणी किती. आता...

असो.

'रुचिरा' काही काटकसरीचं पुस्तक नाही, सणावाराचं गोडधोडही त्यात भरपूर आहे. पण कमलाबाई ओगल्यांनी 1970 साली ते लिहिताना मापं ग्रॅममध्ये न देता वाटी-चमच्यानं दिली. मला ते उभ्याउभ्या वाचताना एकदम पटलं. वाटी म्हणजे प्रमाण. डाळ कमी असली तर लहान वाटी घ्यायची, सगळं त्याच वाटीनं मोजायचं, चव बिघडत नाही. काट्याची गरज नाही, शिल्लक किती आहे ते बघून वाटी ठरवायची. आजवर कुणी मला स्वयंपाक असा समजावून सांगितला नव्हता. आणि नेमक्या त्याच क्षणी त्यानं विचारलं, वहिनींसाठी का.

तूरडाळ अर्धा तास भिजवून लावली की शिट्ट्या कमी लागतात, हे मी स्वतः शोधलं. सिलिंडर पूर्वी चाळीस दिवस जायचा, आता बावन्न गेला. कोथिंबिरीचे देठ आमटीत, मुळ्याचा पाला पीठ पेरून, दुधीची सालं तीळ घालून परतली की चटणी. एक वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी, गुठळी होऊ न देता, की चौघांचं पिठलं. हे काम मी मन लावून करतो. मग तिथं, रस्त्यावर, ते मी तिच्या नावावर का टाकलं? कामाची लाज नाही वाटली, हे नक्की. मग कसली? 'घरी असता का?' हा पुढचा प्रश्न येईल याची असेल. किंवा तोही नाही.

वीस रुपये परत द्यावेत असं येताना बसमध्ये वाटत होतं. आता वाटतं, राहू दे. त्याची अर्धी कोथिंबीर आणि लिंबं आलीसुद्धा.

संध्याकाळी तिनं ओट्यावर पुस्तक पाहिलं. पर्स खांद्यालाच, उभ्यानंच दोन पानं चाळली. "अहो, माझ्यासाठी आणलंत?"

"नाही. मला."

"बरं केलंत," म्हणाली. "आणि आमटीत चिंच जरा कमी घालत जा. कालची आंबट होती."

बोटाच्या पेरानं दाखवलं तिनं, केवढी चिंच. मी नीट बघून घेतलं. सुपारीएवढी.

बारा वाजत आले. सकाळी एक वाटी मटकी भिजत घातली होती, ती उपसून फडक्यात बांधायची राहिलीय. उद्या रात्रीपर्यंत मोड आले की तीन वाट्या होईल. दोन वेळची उसळ.