नांगराची निशाणी: रामकुंड ते सिन्नर

पंचवटीत तीर्थोपाध्यायांकडे गेलं की दोनच प्रश्न येतात, आडनाव काय आणि मूळ गाव कोणतं. मी सांगितलं तसे गुरुजी आत गेले आणि लाल कापडात बांधलेली नामावळ घेऊन आले. अस्थी घेऊन किंवा सिंहस्थात आलेला यजमान बाप, आजा, भाऊ, मुलं सांगायचा, ते इथे लिहून घेत आणि खाली त्याची सही घेत. सरकारने मागितलेली ही माहिती नाही. माणसाने आपली माणसं स्वतःहून सांगितली आहेत, म्हणून मला या वहीचं मोल फार वाटतं.

पणजोबांविषयी आमच्या घरात एवढंच सांगत: दुष्काळात शेत टाकून मुंबईला गिरणीत गेले, भावकीशी संबंध तोडला.

पहिली नोंद शके 1822, भाद्रपद वद्य पक्षातली, म्हणजे 1900 सालची. वडिलांच्या अस्थी घेऊन पणजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ आले होते. मजकूर मोडीत, बोरूने लिहिलेला. मोडी वाचणारे स्नेही सोबत होते म्हणून निभावलं. खाली सहीच्या जागी शाईने काढलेला छोटासा नांगर होता. लिहिता न येणारा शेतकरी अशीच निशाणी करायचा. रुमणं, फाळ, जू, सगळं तीनचार रेघांत. मी किती तरी वेळ तेच बघत राहिलो.

पुढची नोंद शके 1833 ची. आईच्या अस्थी. या खेपेला धाकटा भाऊ नाही, त्याचा मुलगा बरोबर आहे. मुक्काम परळ. आणि खाली ‘दस्तुर खुद्द’, म्हणजे स्वतःच्या हातची सही, बाळबोध अक्षरात, एकेक अक्षर सुटं लिहिलेलं. मधल्या अकरा वर्षांत पणजोबा लिहायला शिकले होते.

भाऊ कुठे गेला हे नामावळ सांगत नाही. त्यासाठी मोहदरी घाट चढून सिन्नरला आलो. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकं असतात, गाव नमुना 14, गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद. पणजोबांच्या वडिलांच्या नावापुढे कारण ‘पटकी’, म्हणजे कॉलरा. चार वर्षांनी धाकट्याच्या नावापुढे ‘ग्रंथिक सन्निपात’, म्हणजे प्लेग. 1896 साली मुंबईत शिरलेली ही साथ पुढची कित्येक वर्षं खेडोपाडी माणसं नेत होती. नुसती नामावळ बघून थांबलो असतो, तर धाकट्याचं काय झालं ते कळलंच नसतं. वंशावळ शोधणाऱ्यांनी हे दोन्ही कागद शेजारी ठेवूनच वाचावेत.

गाव तालुक्याच्या पूर्व भागात, कोरडवाहू. तिथल्या जुन्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलांच्या नोंदवहीत, वडिलोपार्जित जमीन दोघा भावांच्या नावे लागलेली दिसली. त्याच्या खालच्या नोंदीत पणजोबांनी आपला हिस्सा सोडून पुतण्याच्या नावे केला आहे. पुतण्या ‘अज्ञान’, म्हणजे वयाने लहान, पालन करणार त्याची आई.

तुटलेली म्हणत होते ती भावकी अजून तीच जमीन कसते. त्या पुतण्याचे नातू नात्याने माझे भाऊ लागतात, वयाने माझ्यापेक्षा मोठे. त्यांनी मला विहिरीपर्यंत नेलं, बांध दाखवला आणि म्हणाले, “मुंबईच्या आज्यानं दिलेलं रान, असंच म्हणतो आम्ही याला.”